घरातून दिसणारा फ्रान्स
(झेली मार्टिन यांच्या कौटुंबिक पत्रांविषयी)

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांत फ्रान्स देश आधीपासूनच राहावयास आलेला आहे. भिंतीवरील छोट्या वेदीवर लूर्दमाता असते, तिच्या शेजारी क्रूस आणि गुलाबपुष्पे हृदयाशी धरलेली छोटी संत तेरेजा असते, आणि कपाटाच्या खणात, विम्याच्या कागदांखाली, यात्रेसाठी साठवलेल्या पैशांचे पासबुक असते. मुले मार्गी लागली की लूर्दला जायचे आणि जमल्यास लिझ्यूलाही, हे स्वप्न अनेक माउलींनी वर्षानुवर्षे जपलेले असते. या स्वप्नाला हसण्याचे काहीच कारण नाही. परंतु ज्या कुटुंबाच्या ओढीने आपण एवढा प्रवास करू इच्छितो, त्या कुटुंबात हिशेब कोण ठेवीत होते, मूल आजारी पडले की रात्र कोण जागून काढीत होते, सणावाराला काय चालत असे, हे सांगणारे पुस्तक हाताशी असताना ते आपल्याकडे फारसे वाचले जात नाही, याचे नवल वाटते.

हे पुस्तक म्हणजे संत तेरेजाची आई झेली मार्टिन हिची पत्रे. १८६३ ते १८७७ या काळातील तिची २१८ पत्रे उरली आहेत. १९५८ साली ती फ्रेंचमध्ये ग्रंथरूपाने आली आणि २०११ साली ‘अ कॉल टू अ डीपर लव्ह’ या नावाने इंग्रजीत उपलब्ध झाली. बहुतेक पत्रे लिझ्यू येथे औषधांचे दुकान चालविणारा धाकटा भाऊ इसिदोर, त्याची पत्नी, आणि ल मान्स येथील कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शिकणाऱ्या मारी व पोलिन या मुलींना लिहिलेली आहेत. झेली आणि लुई या दांपत्याला पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्रितपणे संतपद बहाल केले. पतिपत्नीला जोडीने संत घोषित करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या सोहळ्यानंतर आपल्याकडेही त्यांची चित्रे आली, प्रार्थना आल्या. पत्रे मात्र मागेच राहिली.

झेली ही कारखानदार बाई होती, हे प्रथम ध्यानात घ्यावे. नॉर्मंडीतील आलाँसाँ हे तिचे गाव लेससाठी प्रसिद्ध. १६६५ साली राजमंत्री कोल्बेर याने तेथील या उद्योगाला राजाश्रय मिळवून दिला. ही लेस सुईने विणतात. चर्मपत्रावर नक्षी टोचून घ्यायची, तिच्यावर तागाच्या दोऱ्याने एकेक टाका घालीत जायचे. चौरस सेंटिमीटरभर लेसला सात तास लागतात, असे युनेस्कोच्या नोंदीत म्हटले आहे. २०१० साली तिने या कलेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. नक्षीचा एकेक टप्पा वेगळी कारागीर करते आणि शेवटी ते तुकडे, सांधा दिसणार नाही अशा बेताने, एकत्र जोडले जातात. हे जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम झेलीने स्वतःकडे ठेवले होते. १८५३ साली तिने हा व्यवसाय सुरू केला. कारागीर स्त्रिया आपापल्या घरी विणीत आणि गुरुवारी काम घेऊन येत. पती लुई घड्याळजी. १८७० साली त्याने आपले दुकान भाच्याला विकले आणि बायकोच्या धंद्याचे हिशेब व पॅरिसच्या फेऱ्या स्वतःकडे घेतल्या. एकोणिसाव्या शतकातील या घरात पतीने पत्नीच्या उद्योगात हातभार लावावयास आपले दुकान विकले, ही गोष्ट आपल्या विवाहपूर्व शिबिरांत कोणी सांगत नाही. लुईचा छंद मासेमारीचा. गळाला लागलेले मासे बहुधा आलाँसाँच्या क्लारा मठातील भगिनींकडे जात.

दिवसभर लेस, रात्री मुले निजल्यावर पत्रे. त्यामुळे या पत्रांना एक विशिष्ट चाल आलेली आहे. एका परिच्छेदात पॅरिसची मागणी लांबल्याची चिंता, पुढच्यात बाळाला दात येत आहेत ही वार्ता, त्यालाच लागून भावाला धंद्याचा सल्ला, आणि मग मध्येच, जणू सुईतून दोरा ओवून घ्यावा इतक्या सहजपणे, परमेश्वराचे नाव. धर्माची वाक्ये घरगुती मजकुरापासून सोडवून घेता येत नाहीत. आमच्या सेमिनरीत आध्यात्मिक वाचनासाठी जे उतारे निवडले जात ते अशा वाक्यांची कात्रणे असत. वाक्य तेच, पण त्याच्या आजूबाजूचे दूध, ताप आणि हिशेब काढून टाकलेले. मूळ पत्रात वाचल्यावर कळते की त्या वाक्याला बळ आले आहे ते शेजारच्या तापामुळे.

नऊ अपत्यांपैकी चार दगावली. पाच वर्षांची हेलेन १८७० च्या फेब्रुवारीत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलानी-तेरेज ही जेमतेम दोन महिन्यांची मुलगी गेली. दाईने तिची उपासमार केली होती. जर्मन सैन्य १८७१ च्या जानेवारीत आलाँसाँत शिरले तेव्हा नऊ सैनिक या घरात उतरविले गेले, म्हणजे मेलानीला पुरून तीनच महिने झाले होते. या सर्व घटनांची पत्रे आहेत. त्यांत आक्रोश आहे, तसेच घरात आता काय करावयाचे याचाही विचार आहे. लोकांनी तिला सांगितले की ही मुले झालीच नसती तर बरे. तिला ते बोलणे सहन झाले नाही, आणि तिने तसे स्पष्ट लिहिले. माझ्या पाहण्यात अशा माता आल्या आहेत, ज्यांच्या दगावलेल्या बाळाचे नाव घरात कोणी उच्चारीत नाही, आणि ज्यांना आपणही ‘परमेश्वराची इच्छा’ एवढेच सांगून वाटेला लावतो. झेली ती इच्छा मान्य करते, पण त्यासाठी मुलांची नावे पुसत नाही. पत्रांत ती मुले हिशेबात धरलेली राहतात.

आता या घराचा एक दोष, आणि तो कलेचाच आहे. मार्टिन कुटुंब हातांनी काहीतरी घडविणारे होते. आई लेस करी. पोलिन बारीक चित्रे काढी. सेलिन चित्रकार आणि पुढे छायाचित्रकार. तेरेजा स्वतः मठात चित्रे रंगवी, नाटके लिही आणि त्यांत कामही करी. १८९५ साली तिने जोन ऑफ आर्कची भूमिका केली, त्या वेषातील तिची छायाचित्रे सेलिनने घेतली, कारण १८९४ साली सेलिन कार्मेल मठात दाखल झाली ती कॅमेरा घेऊनच. अशा कुटुंबाला सांधा दिसू न देण्याची सवय असते. तेरेजा १८९७ साली वारली, आणि बरोबर एका वर्षाने, ३० सप्टेंबर १८९८ रोजी, तिचे आत्मचरित्र ‘एका आत्म्याची कथा’ पोलिनने, म्हणजे मदर आन्येस यांनी, संपादित करून छापले. मजकुरात हजारो फेरफार झाले. तीन निरनिराळ्या व्यक्तींना उद्देशून लिहिलेला मजकूर एकाच मठमातेला उद्देशून लिहिल्यासारखा करण्यात आला. मूळ वह्या १९५६ साली जशाच्या तशा प्रसिद्ध झाल्या, तोपर्यंत जगाने पोलिनची तेरेजा वाचली. चेहऱ्याचेही तेच. सेलिनने छायाचित्रांवर हात फिरवून गोड, मऊ चेहरा केला, तोच जगभर गेला, आणि आपल्या वेद्यांवरही आला. खरी छायाचित्रे १९६१ साली बाहेर आली. त्यांत हनुवटी घट्ट असलेली, थकलेली, पण डोळ्यांत मिश्किलपणा असलेली मुलगी दिसते.

न्यायाने सांगावयाचे तर तेरेजानेच मृत्यूपूर्वी पोलिनला फेरफाराची मोकळीक दिली होती, आणि दोन्ही बहिणींनी हे केले ते प्रेमापोटी. परंतु वाचकाचे नुकसान व्हावयाचे ते झालेच. निर्दोष संतापुढे आपण गुडघे टेकतो, आणि उठून स्वयंपाकघरात जातो तेव्हा ती आपल्याबरोबर येत नाही.

आईची पत्रे छापण्यासाठी लिहिलेली नव्हती, म्हणून त्यांतील सांधे दिसतात. तेरेजाने १८९५ साली बालपणाची आठवण लिहावयास घेतली तेव्हा याच पत्रांचा आधार घेतला. बालिका तेरेजा आईला म्हणते की तू मरावीस असे मला वाटते. आई रागावते, तेव्हा ती सांगते की स्वर्गात जायचे तर मरावे लागते ना! जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबून ती आईला हाक मारते, आणि उत्तर आले नाही तर पुढे जात नाही. आत्मचरित्रातील ही सर्वांना आवडणारी चित्रे मुळात आईने टिपलेली आहेत. निरीक्षणाची देणगी तेरेजाकडे कोठून आली, याचे उत्तर येथे मिळते.

मराठी वाचकाला अशा वेळी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली आणि घरातील बोलीत, कसलाही आव न आणता, एका ख्रिस्ती स्त्रीने मराठी गद्याला केवढे दिले हे आपण जाणतो. दोघींचा विनोद सारखा आहे. पतीच्या तऱ्हा सांगताना दोघींच्या लेखणीला प्रेमाचीच धार येते. भेद आहे तो काळाचा. लक्ष्मीबाई सर्व काही घडून गेल्यावर लिहितात. कोणत्या संकटातून आपण पार पडलो हे त्यांना ठाऊक असते, म्हणून त्या हसू शकतात. झेलीला उद्या काय होणार हे माहीत नाही. सोमवारच्या पत्रातील मूल पुढच्या पत्रात असेल की नाही हे तिलाही ठाऊक नसते. साहित्यगुणांत लक्ष्मीबाईंची सर या पत्रांना येत नाही, हे मला मोकळेपणाने सांगावेसे वाटते. पण हा अनिश्चितपणा ‘स्मृतिचित्रे’त नाही.

पत्रांत कंटाळवाणा भागही पुष्कळ आहे. आजारांच्या याद्या लांबतात. राजकारणाविषयी ती लिहिते तेव्हा प्रत्येक उलथापालथीत तिला जगबुडीची चाहूल लागते, आणि ते भाग आज वाचवत नाहीत. सर्वांत बोचतात ते लेओनीविषयीचे उल्लेख. ही तिसरी मुलगी आजारी, हट्टी, अभ्यासात मागे. आई तिच्याविषयी इतक्या निराशेने लिहिते की वाचकाला त्या मुलीची बाजू घ्यावीशी वाटते. १८७७ साली, आईच्या अखेरच्या महिन्यांत, उलगडा झाला की घरातील मोलकरीण लुईझ मारे या मुलीला धाकात ठेवून छळीत होती. आईच्या डोळ्यांदेखत, त्याच छपराखाली. झेलीने ते लपविले नाही; संताप आणि अपराधीपणा दोन्ही कागदावर आले, आणि उरलेले दिवस तिने लेओनीला जवळ घेण्यात घालविले. हीच लेओनी अनेक अयशस्वी प्रयत्नांनंतर १८९९ साली कां येथील मठात कायमची स्थिरावली, १९४१ साली निधन पावली, आणि २०१५ साली तिच्याही संतपदाची प्रक्रिया सुरू झाली. संतांच्या घरी एक मूल वर्षानुवर्षे भेदरलेले होते आणि कोणाला कळले नाही, हा भाग गाळून या कुटुंबाची ओळख करून देणारी जी पत्रके वाटली जातात ती पालकांच्या काय उपयोगाची?

आणि आता प्रवास. १८७६ च्या डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी झेलीला स्तनातील गाठ गंभीर असल्याचे सांगितले. त्या गाठीविषयी तिने १८६५ सालीच भावाला कळविले होते. डॉक्टर औषध लिहून देऊ लागले तेव्हा याचा उपयोग काय, असे तिने विचारले. रुग्णाचे समाधान व्हावे एवढाच, असे प्रामाणिक उत्तर मिळाले. घरी येऊन तिने सर्वांना सांगितले आणि सर्व रडू लागले, तेव्हा उगाच बोललो असे तिला वाटले. पुढील जूनमध्ये मारी, पोलिन व लेओनी यांना घेऊन ती आगगाडीने लूर्दला गेली. हा प्रवास ज्या पत्रात आहे ते आपल्या प्रत्येक यात्रेकरूने निघण्यापूर्वी वाचावे. मठवासी बहिणीची, नुकत्याच वारलेल्या बहिणीची, जपमाळ हरवली. पाय अडखळून मान मुरगळली. मुली थकल्या, चिडल्या. पाण्यात चार वेळा उतरूनही गुण आला नाही. झेली हे सर्व जवळजवळ गमतीने सांगते. परत आल्यावर, बरे झाल्यासारखी ती हसतमुखाने कामाला लागली. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. धाकटी साडेचार वर्षांची होती.

जो कोणी ही पत्रे मराठीत आणील त्याने लेसच्या किमती, नोकरांच्या कटकटी, मुलांच्या कपड्यांची मापे यांना कात्री लावू नये. आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ यांचा निवाडा आपल्या आईबहिणींचे बोलणे कानात ठेवून करावा, प्रवचनाची भाषा ठेवून नव्हे. यात्रेच्या आयोजकांनाही एक सुचवावेसे वाटते. लिझ्यूच्या बॅसिलिकेत या दांपत्याचे अवशेष आहेत आणि तेथे जावेच, परंतु तेथून सुमारे नव्वद किलोमीटरवर आलाँसाँ आहे. ज्या नोत्र दाम चर्चमध्ये झेली व लुई यांचा १८५८ साली मध्यरात्री विवाह झाला आणि १८७३ साली तेरेजाचा बाप्तिस्मा झाला ते तेथे आहे. सेंट ब्लेझ रस्त्यावरील घर आहे. आणि लेसचे संग्रहालय आहे, जेथे काचेमागे ठेवलेला हातभर तुकडा पाहून आपल्या घरी क्रोशाचे रुमाल विणणाऱ्या माउली बराच वेळ उभ्या राहतील.