स्तन्य, दोष आणि मातृत्व

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्तन्यनाशाची कारणे देताना क्रोध व शोक यांच्या जोडीला अवात्सल्यही गणले आहे. स्त्रीची भावना हीच येथे रोगकारण ठरते. वैद्यकाचे निदान कोठे संपते आणि नीतीचा आरोप कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते. पंडिता रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीती’त (१८८२) अपत्यसंगोपनाला स्वतंत्र स्थान आहे. मातेवरील ही जबाबदारी त्या नाकारीत नाहीत. उलट तिलाच स्त्रीशिक्षणाच्या मागणीचा आधार करतात. युक्तिवाद प्रभावी खरा, पण त्यात शिक्षण मातृत्वाचे साधन होऊन बसते.

आनंदीबाई जोशी यांची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. बंगालमधील श्रीरामपूर येथे १८८३ साली केलेल्या भाषणात त्यांनी बोट ठेवले ते स्त्री-डॉक्टरांच्या अभावावर. मात्र फिलाडेल्फियातील १८८६च्या, आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरील प्रबंधात त्या पुन्हा प्राचीन ग्रंथांकडेच वळतात. याला निव्वळ परंपराभिमान म्हणणे मला अपुरे वाटते. ज्या शास्त्राने स्त्रीला केवळ वर्ण्यविषय मानले, त्याची भाष्यकार येथे एक स्त्री आहे. मूल हवे की नको, हा प्रश्न मात्र तिच्याही कक्षेबाहेर राहतो. तो मराठीत उघडपणे मांडला र. धों. कर्वे यांच्या १९२३च्या संततिनियमनविषयक पुस्तकाने.