खोटी जोडी कुणाला परवडते?

वाशिमच्या बसस्थानकावर दोन पोरे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून तासभर उभी राहिली, तरी कुणी मान वळवून पाहत नाही. त्याच जागी एक मुलगा आणि एक मुलगी पाच मिनिटे बोलत थांबली, की दिवस मावळायच्या आत दोघांच्या घरी निरोप पोचलेला असतो. मुलगा आमच्या वस्तीतला आणि मुलगी पाटलाच्या वाड्यातली असेल, तर नुसत्या निरोपावर भागत नाही. एका इंग्रजी कादंबरीविषयी लिहायचे तर मला इथूनच सुरुवात करावी लागते, कारण तिची शेवटची पाने मी ह्याच बसस्थानकावर रिसोडच्या गाडीची वाट पाहत वाचली.

अदीबा जायगिरदार ही बांगलादेशी वंशाची, आयर्लंडमध्ये राहणारी लेखिका. तिची 'हनी अँड इशूज गाइड टू फेक डेटिंग' ही कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी २०२१ साली निघाली. पुण्याला शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने ती आणून दिली आणि विचारले, "सर, असं आपल्याकडं कुणी का लिहीत नाही?"

कथा डब्लिनमधल्या एका शाळेतली. हनी आणि इशू ह्या दोन बंगाली मुली, एक मुसलमान घरातली, दुसरी हिंदू. हनीला मुलगेही आवडतात आणि मुलीही. तिच्या गोऱ्या मैत्रिणींना हे पटत नाही. तू कधी मुलीबरोबर फिरलीस का, असे त्या विचारतात. तेव्हा ती बोलून जाते की माझे इशूशी जमले आहे. इशूला शाळेची मुख्य विद्यार्थिनी व्हायचे आहे, त्यासाठी चार पोरींत नाव हवे. सौदा ठरतो, दोघी जोडी असल्याचे सोंग घेतात, आणि व्हायचे तेच होते. सोंगाचे खरे होते.

पुस्तक मला आवडले, हे आधी सांगून टाकतो. समलिंगी प्रेम करणाऱ्या मुलींना शेवटच्या पानावर जिवंत ठेवणारे साहित्य आपल्याकडे फार थोडे आहे. मैत्रीच्या नावाखाली गोऱ्या मुली ह्या दोघींना कसे पायरीपायरीने खाली बसवतात, हे लेखिकेने बारकाईने टिपले आहे. वर्णाचा काटा तिला नीट टोचला आहे. जात मात्र तिच्या कथेत कुठे आडवी येत नाही.

पण ह्या साऱ्या रचनेचा पाया काय आहे? अफवा हा पाया आहे. 'ह्या दोघींचे जमले' ही अफवा पसरली की दोघींचा भाव वाढतो, म्हणून तर ती पसरवायची. जोडी दिसणे ही तिथे प्रतिष्ठा आहे. आमच्याकडे अफवेचा भाव काय आहे, ते नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याने दाखवले. २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे ह्या १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे काही आहे, एवढा संशय पुरेसा होता. २०१७ साली सत्र न्यायालयाने नऊ आरोपींना निर्दोष सोडले. जमले होते की नव्हते, ही चौकशी मारणाऱ्यांना लागली नाही. खोट्या जोडीची गंमत लिहायची तर खोटेपणा उघड झाल्यावर सगळ्यांना हसता आले पाहिजे. ते हसू कुणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा.

मराठीत असे काही नाहीच, हे मात्र माझ्या विद्यार्थिनीचे म्हणणे मला मान्य नाही. विजय तेंडुलकरांनी आपल्याच कथेवरून 'मित्राची गोष्ट' हे नाटक लिहिले. १९८१ साली विनय आपटे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आले. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी ह्यांनी केली. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, स्थळ महाविद्यालय. सुमित्रा, म्हणजेच मित्रा, कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते, नमा तिची नायिका. रंगमंचावरची खोटी जोडी मित्राच्या बाजूने खरी होऊन बसते. दुसरीकडे बापू आणि मित्रा ह्यांचे काही आहे असा लोकांचा समज, आणि बापूच्याच खोलीवर मित्रा-नमाच्या भेटी. डब्लिनच्या कादंबरीतले दोन्ही पेच इथे चाळीस वर्षे आधी हजर आहेत. शेवट तेवढा उलटा: मित्रा जीव देते.

त्या काळच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला हे नाटक जड गेले असेल, ह्यात नवल नाही. मला वेगळीच जागा खुपते. लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर मित्रा स्वतःची परीक्षा पाहते, आणि ती पाहते घरच्या गड्यावर. प्रयोग फसतो, तिला आपले मन कळते, नाटक पुढे सरकते. त्या गड्याचे पुढे काय झाले, हे नाटक विचारत नाही. समजा, कुणी पाहिले असते तर? मित्राला कोंडून घातले असते. हाडे कुणाची मोडली असती, हे सांगायला नको. मित्राची वेदना खरी आहे, मी तिच्या बाजूचाच आहे. पण तिचे स्वतःला ओळखणे दुसऱ्याच्या अंगावरून जाते, आणि तो दुसरा तिच्या घरचा नोकर आहे.

इथे मला माझेही एक सांगितले पाहिजे. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी बरीच वर्षे नाटके बसवली. मुलांबरोबर काम करायला पालक मुलींना सोडत नसत, म्हणून मी मुलींनाच धोतर नेसवी, काजळाने मिशा काढी. पालक खूश, प्राचार्य खूश. एका वर्षी नायकाचे काम करणारी मुलगी प्रयोग संपल्यावर मिशी पुसायला तयार होईना. आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. मी पंगतीला बसून जेवलो. आज 'मित्राची गोष्ट' पुन्हा वाचताना ते हसू मला आठवते. तिच्या मनात काय होते ते मला ठाऊक नाही. विचारायचे सुचलेही नाही.

आमच्याकडे सोंग सुरू होते ते लग्नात. त्याआधी दोन मुली 'मैत्रिणी' म्हणून खपून जातात. एकदा कांदेपोहे झाले की सोंग जन्मभराचे, आणि त्यात नवरा म्हणून किंवा बायको म्हणून आणखी एक निरपराध माणूस भरडला जातो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, २०२३ साली विवाहाची मान्यता नाकारली. मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या पोरीला ह्या दोन तारखांमधला फरक कळायला आधी आपल्याला काय होते आहे त्याला नाव तर हवे.

"आधी जातीचे बघू, हे चोचले नंतर," असे एका जुन्या कार्यकर्त्या मित्राने मला ऐकवले. त्यांना मी १९३४ ची आठवण दिली. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा गुन्हा, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेबांना त्या वर्षी कामे कमी होती म्हणून त्यांनी हा खटला घेतला, असे कुणी म्हणणार नाही. मित्र गप्प बसले; पटले की नाही ते कळले नाही.

विद्यार्थिनीला मी एवढेच लिहिले की तुझी कादंबरी डब्लिनच्या वाटेने नेऊ नकोस. तुझ्या दोघी मुलींना वसतिगृहाच्या खोलीत, सोयाबीनच्या सोंगणीत, जयंतीच्या मिरवणुकीत घेऊन जा, आणि त्यांचे गुपित सांभाळायला लागणारे ओझे तिसऱ्या कुणाच्या डोक्यावर पडते ते लिही. तिचे उत्तर आले: "सर, शेवटी त्या दोघी जगतील. तेवढं मी डब्लिनकडून घेणार." पुस्तक आमच्या ग्रंथालयात ठेवावे की नाही, ह्यावर सहकाऱ्यांचा वाद चालू आहे, तोवर ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि दोन मुली ते मागून नेऊन वाचून गेल्या आहेत.