चांदीचा मुलामा आणि १४ पट उजेड

ओकामोटो, शेरर आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा ‘नेचर मटेरियल्स’मधील निबंध ‘चांदीने प्रकाश १४ पट वाढला’ एवढ्यावरच सांगितला जातो. आकडा खरा आहे, अर्थ मात्र निसटतो. इंडियम गॅलियम नायट्राइडच्या निळ्या प्रकाशाच्या थरापासून चांदी अवघी १० नॅनोमीटर दूर होती. हे आरशाचे काम नव्हे का? नाही, अंतर वाढवताच वाढ झपाट्याने ओसरली, आरसा असा वागत नाही. थरातील ऊर्जा स्फटिकातील दोषांत उष्णता होऊन वाया जाण्यापूर्वीच धातूच्या पृष्ठावरील इलेक्ट्रॉनांची लहर ती उचलते आणि खडबडीत पृष्ठावरून प्रकाशरूपाने सोडते. ॲल्युमिनियमने ८ पट वाढ दिली. सोन्याने काहीच नाही, कारण त्याची लहर निळ्याशी जुळत नाही. मला हा सोन्याचा नमुनाच निबंधाचा खरा पुरावा वाटतो; पण त्याची चर्चा कोण करतो?

आकड्याची मर्यादाही वर्गात सांगावी. धातू वाया जाणारी ऊर्जाच वाचवू शकतो. ज्या स्फटिकात निम्मी ऊर्जा आधीच प्रकाश होते, तिथे ही बचत फार तर दुप्पट. शिवाय स्फटिक उजळवला होता लेझरने. वीज जोडलेला दिवा या मोजणीत नव्हताच.