पुरोहिताचे मौन आणि अल्माचा शब्द

नीरेकाठच्या सांगवीत मी वाढलो. गुरवाकडे कोणी आपली पापे सांगायला जात नसे. तरीही गुपित राखण्याचा एक धर्म होताच. आमच्या वस्तीतला कोणी मार खाऊन आला, की जाणती माणसे त्यालाच समजावीत : गावाची गोष्ट वेशीबाहेर नेऊ नये. म्हणूनच आल्फ्रेड हिचकॉकचा ‘आय कन्फेस’ (1953) पाहताना कॅनडातले क्विबेक मला परके वाटले नाही.

ऑटो केलर हा निर्वासित चर्चमध्ये नोकर आहे. चोरी करताना तो एका वकिलाचा खून करतो आणि फादर लोगनपुढे पापनिवेदन करतो. खुनाच्या वेळी त्याने पुरोहिताचा झगा घातलेला असतो; संशय लोगनवरच येतो. निवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या पुरोहिताला 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पदच्युती आणि मठात आजन्म प्रायश्चित्त सांगितले. लोगन खटल्याला सामोरा जातो, पण तोंड उघडत नाही.

लोगनचे मोठेपण मी नाकारत नाही. आपल्या मौनाची किंमत तो स्वतः मोजायला तयार आहे. परंतु माझी नजर अल्माकडे जाते. ती केलरची बायको, चर्चच्या घरात राबणारी. तिचे राबणे बघवत नव्हते, असे केलर निवेदनात सांगतो. लोगन पुराव्याअभावी सुटतो, बाहेर जमाव त्याच्यावर धावून येतो, तेव्हा सत्य सांगायला अल्मा पुढे होते आणि नवऱ्याच्या गोळीने मरते. व्रत पुरोहिताचे टिकले; रक्त मोलकरणीचे सांडले. चित्रपट तिच्यापाशी फारसा थांबत नाही. ही त्याची मर्यादा मला वर्गीय वाटते.

मग गुप्तता मोडूनच टाकावी काय? इतके सोपे नाही. केरळात 2018 साली ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही पुरोहितांवर, एका विवाहितेच्या निवेदनाचा वापर करून तिचे लैंगिक शोषण केल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. दुबळ्याने विश्वासाने सांगितलेले गुपित राखलेच पाहिजे. पण बालकावर अत्याचार करणारा तेच कवच मागू लागला तर? बालकांच्या संरक्षणाचा 2012 चा कायदा, गुन्हा माहीत असलेल्या कोणाही व्यक्तीवर तो कळवण्याची जबाबदारी टाकतो. पुरोहिताचा खरा पेच येथे आहे.

बौद्ध विनयाने वेगळी वाट दाखवली. वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणेत प्रत्येक भिक्खू संघाला विनवतो : माझा दोष पाहिला, ऐकला असेल, शंका आली असेल, तर सांगा. संघादिसेसासारखा गंभीर दोष लपवणाऱ्याला, जितके दिवस लपवला तितके दिवस परिवास भोगावा लागतो. लपवण्याचा हिशेब लपवणाऱ्याकडूनच घेतला जातो.

मौनाची कसोटी मला एवढीच दिसते : त्याची किंमत कोण मोजतो? लोगन मोजायला तयार होता, म्हणून त्याच्यापुढे मी नम्र होतो. वेशीआतल्या मौनाची किंमत मात्र नेहमी मार खाणाऱ्यानेच मोजली. त्या मौनाला धर्म म्हणणे मी नाकारतो. आमच्या साहित्याने अल्माच्या बाजूने बोलले पाहिजे, आणि बोलणारीला गोळी लागणार नाही अशी वेस उभारली पाहिजे.