चौदा वर्षे की तीन वर्षे?

गेल्या दहाबारा वर्षांत आरोग्य आणि पोषण या विषयांवरील संशोधनात 'जात' हा शब्द उघडपणे येऊ लागला आहे. पूर्वी तो नव्हता असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तक्त्यांत अनुसूचित जातींची ओळ पहिल्यापासून होतीच. पण ती तक्त्यात होती, कारणात नव्हती. कारण म्हणून गरिबी यायची, मातेचे अशिक्षितपण यायचे, 'आरोग्यविषयक अज्ञान' यायचे. आता काही संशोधक जातीलाच कारण म्हणून तपासू लागले आहेत. याचे स्वागत केले पाहिजे. पण स्वागत म्हणजे टाळ्या नव्हेत. आपल्या चळवळीतील कार्यकर्ते, विद्यार्थी आणि आम्ही शिक्षक हे संशोधन वाचतो कसे, वापरतो कसे, याचीही झडती आता घेतली पाहिजे असे मला वाटते. सुरुवात मी स्वतःपासून करते.

दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या एका कार्यक्रमात मी बोलायला उभी होते. मी अर्थशास्त्र शिकवते. आकडे फेकायची सवय आहे. मी म्हटले, दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते, आणि हे संयुक्त राष्ट्रसंघ सांगतो. सभा स्तब्ध झाली. वक्त्याला अशी स्तब्धता फार आवडते, हे येथे कबूल केले पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर परिचारिका अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, मृत्यूचे सरासरी वय आणि आयुर्मान एकच असतं का? आम्हाला तर वेगळं शिकवलंय." मी तिला काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते.

त्या आकड्याचे मूळ असे आहे. यूएन विमेन या संस्थेने २०१८ साली शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवर एक जागतिक अहवाल काढला. त्यात भारताविषयी सांगताना दलित स्त्रियांचे मृत्यूचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि उच्चजातीय स्त्रियांचे ५४.१ वर्षे असे दिले आहे. वजाबाकी १४.६. वृत्तपत्रांनी ती उचलली, आपण वृत्तपत्रांतून उचलली, आणि आज ती आपल्या भाषणांत, पोस्टरांवर, शोधनिबंधांच्या पहिल्या पानावर आहे.

ही वजाबाकी चुकीची नाही. तिचा अर्थ चुकीचा लावला गेला. मृत्यूचे सरासरी वय म्हणजे एखाद्या समूहात एका काळात जी माणसे मेली त्यांच्या वयाची सरासरी. आता महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे उदाहरण घ्या. तिथे दुर्दैवाने मृत्यू झालेच तर मरणाऱ्यांचे सरासरी वय वीसच्या आसपास येईल, कारण तिथे राहतातच विशीतली मुले. म्हणून वसतिगृहात राहिल्याने माणूस विसाव्या वर्षी मरतो असे कोणी म्हणेल काय? ज्या समाजात मुले आणि तरुण जास्त, त्या समाजात मृत्यूंचे सरासरी वय खालीच येणार. प्रत्येक वयाला मरणाचा धोका दोन्हीकडे अगदी सारखा असला तरीही. आपला समाज वयाने तरुण आहे. तेव्हा त्या साडेचौदा वर्षांत काही भाग अन्यायाचा आहे आणि काही भाग नुसत्या वयरचनेचा आहे, आणि दोन्ही वेगळे केल्याशिवाय तो आकडा तोंडात घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आयुर्मान वेगळे काढावे लागते. प्रत्येक वयाचा मृत्युदर घेऊन, आज जन्मलेले मूल याच दरांखाली किती वर्षे जगेल याचा तो हिशेब असतो. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो मांडला. २०१०-११ च्या वार्षिक आरोग्य पाहणीतील दोन कोटींहून अधिक माणसांची माहिती त्यांनी घेतली. राज्ये नऊ: उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, उत्तराखंड आणि आसाम. निष्कर्ष असा, की उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी, मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी. आणि ही दरी आर्थिक स्थितीतील फरकाने निम्मीसुद्धा भरून निघत नाही.

हे मी आमच्या मंडळातील एका कार्यकर्त्याला सांगितले तेव्हा तो नाराज झाला. "चौदावरून तीनवर आणलं बाईंनी," म्हणाला. त्याची नाराजी मला समजते. पण मला उलट वाटते. चौदा वर्षांचा आकडा ऐकणारा सवर्ण श्रोता हळहळतो आणि मनात म्हणतो, गरिबी फार वाईट. तीन वर्षांच्या आकड्याला ती पळवाट ठेवलेली नाही. पैसा, घर, मालमत्ता यांचा फरक बाजूला काढल्यावरही अर्ध्याहून अधिक दरी तशीच उभी राहते, आणि ती कशाने याचे उत्तर 'गरिबी' या एका शब्दात देता येत नाही. तीन वर्षे म्हणजे काय, हे ज्याने आपल्या बापाला निवृत्तीच्या आधी पोचवले आहे त्याला सांगायची गरज नाही. शिवाय हा आकडा महाराष्ट्राचा नाही. हेही आपण भाषणात सांगत नाही.

आता मुलांच्या उंचीकडे येऊ. वयाच्या मानाने ठरावीक मर्यादेपेक्षा उंची कमी असेल तर त्या मुलाला खुरटलेले म्हणतात. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील ३८.४ टक्के भारतीय मुले खुरटलेली होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ३५.५. महाराष्ट्रात ३४.४ वरून ३५.२, म्हणजे देश थोडा सुधारला आणि पुरोगामी म्हणवणारे आपले राज्य होते तिथून किंचित मागे सरकले.

भारतीय मुले आफ्रिकेतल्या अधिक गरीब मुलांपेक्षाही बुटकी का, हे कोडे अर्थशास्त्रज्ञांना बरीच वर्षे छळत आहे. अरविंद पनगढिया यांनी २०१३ साली असा युक्तिवाद केला की मोजपट्टीच चुकीची आहे, भारतीयांची ठेवणच लहान आहे. वास्तविक ज्या मोजपट्टीबद्दल ही तक्रार आहे, ती जागतिक आरोग्य संघटनेची २००६ सालची मोजपट्टी, सहा देशांतील सुस्थित घरच्या मुलांवरून बनली, आणि त्या सहांत दक्षिण दिल्लीची मुले होती. चांगले खाऊन, स्वच्छ पाणी पिऊन वाढलेले भारतीय मूल नॉर्वेच्या मुलासारखेच वाढते, हे त्या मोजपट्टीतच नोंदलेले आहे. दुसऱ्यांनी उघड्यावरील शौच हे कारण सांगितले, तिसऱ्यांनी मुलाचा हव्यास. यातले काहीच खोटे नाही. पण अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांनी चौथ्या पाहणीचीच मुले जातीनुसार वेगळी केली, तेव्हा त्यांच्या मोजणीत उच्चजातीय हिंदू मुलांत खुरटलेपण सुमारे २६ टक्के निघाले, आफ्रिकेच्या सरासरीपेक्षा कमी. आणि अनुसूचित जाती-जमातींत सुमारे ४० टक्के. म्हणजे कोडे 'भारतीय' मुलांचे नव्हतेच. ज्यांची मुले बुटकी होती त्यांना सगळ्यांबरोबर एका सरासरीत घातले म्हणून ते भारतीय झाले. एरवी आम्हाला भारतीय व्हायला एवढे सोपे कधीच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, जाती जातीबाहेर लग्न करीत नाहीत, मग प्रत्येक जातीची ठेवण वेगळी असेल. हा प्रश्न जुना आहे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी जातीचे वंशशुद्धीचे समर्थन खोडताना उंचीचाच दाखला घेतला आहे: जातीने जर वंश सुधारायचा होता, तर हा सगळा समाज एवढा खुजा कसा राहिला? आजच्या संशोधनात याचे उत्तर डायेन कॉफी, अश्विनी देशपांडे, जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स यांच्या २०१९ च्या निबंधात सापडते. ग्रामीण भागातील आदिवासी मुलांच्या उंचीतील तूट आर्थिक-सामाजिक स्थितीने समजावता येते, असे त्यांना आढळले. ती मुले बहुधा दूर, वेगळ्या वस्त्यांत राहतात. अनुसूचित जातींच्या आणि इतर मागासवर्गीय मुलांची तूट मात्र तेवढ्याने समजावता येत नाही. तिथे आणखी एक गोष्ट उंची ठरवते: त्या मुलाच्या आसपासच्या घरांपैकी किती घरे जातीच्या उतरंडीत त्याच्या घराच्या वर आहेत. रक्त शेजार पाहून बदलत नसते. वरच्या जातींची घरे जास्त तिथे आपले मूल बुटके, हे रक्ताने कसे समजावणार?

हा निबंध मी तीनदा वाचला. पहिल्यांदा आनंद झाला, तिसऱ्यांदा राग आला. कारण शेजारी नेमके करतो काय, हे तो सांगत नाही. सांगू शकतही नाही. गणित उंबऱ्यापर्यंत येते आणि थांबते. पाणी कोण आधी भरते, अंगणवाडी कोणाच्या आळीत आहे, सिस्टर कोणाच्या अंगणातून परत फिरते, हे त्या पाहणीच्या प्रश्नावलीत नाही. २०११-१२ च्या मानव विकास पाहणीत २७ टक्के घरांनी अस्पृश्यता पाळत असल्याचे स्वतः कबूल केले. कबूल न करणाऱ्यांचे काय, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या गावावरून करावा.

म्हणून मला संघमित्रा आचार्य यांचे लहानसे काम अधिक मोलाचे वाटते. २०१० साली त्यांनी गुजरात आणि राजस्थानातील बारा गावांत दोनशे दलित मुलांशी बोलून, दवाखान्यात आणि घरी आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडून तुम्हाला कसे वागवले जाते, हे विचारले. गोळी हातावर ठेवली की वरून टाकली? तपासताना हात लावला का? किती वेळ दिला? शब्द कोणते वापरले? स्पर्श, वेळ आणि शब्द ही त्यांची मोजमापे. दोन राज्यांची मुलाखतवजा पाहणी सबंध देशाला लावता येणार नाही, हे खरे. मुलांच्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची हाही प्रश्न आहे. पण प्रश्नाला साजेसे माप कोणी घेतले असेल तर ते इथे. त्याआधी घनश्याम शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवरून २००६ साली पुस्तक काढले, त्यात सुमारे एकतृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात जात नसल्याची नोंद आहे. दोन्ही कामे एकत्र ठेवून वाचली तर उंचीच्या निबंधातला तो मुका शेजारी थोडा बोलू लागतो.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात स्पर्श हा कौशल्याचा विषय आहे: नाडी कशी पाहावी, पोट कसे तपासावे. कोणाला स्पर्श करायचा नाही, हे त्यात नसते. ते कर्मचारी घरून शिकून येतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. परिचर्येच्या पहिल्या धड्यात ती का नाही, हे विचारत नाही.

पोषणाच्या संशोधनाबद्दल माझी तक्रार आणखी वेगळी आहे. राष्ट्रीय पाहणीत मोठ्या माणसांच्या आहाराचे जे प्रश्न आहेत, त्यांत 'चिकन किंवा मांस' असा एकच रकाना आहे. माझी माय अंगणवाडीत मदतनीस होती. तिला या रकान्यात काय सांगता आले असते? वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या यांनी आमची बाळंतपणे निभावली. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांचे जेवण कागदावर आणले, ते साहित्यात मोजले गेले, पोषणशास्त्रात नाही. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. त्याने आपल्या घरातल्या लोहाचे आणि प्रथिनांचे काय झाले, हे 'चिकन किंवा मांस' या रकान्यातून कधीही कळणार नाही. शाळेच्या आहारातही तेच. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. माय शिजवायची ती खिचडी वरच्या आळीची पोरे डब्यात घेऊन जायची, घरी गेल्यावर ती गुरांपुढे जायची. पोषणाच्या नोंदीत मात्र ती त्या पोरांनी खाल्लेली असायची. अशा नोंदींवर पुढे किती निबंध झाले असतील, हा विचार मला अजून सोडत नाही.

आणखी एक. 'अनुसूचित जाती' हा एकच डबा करून आपले संशोधन होते. त्यात मांग, ढोर, मेहतर आणि शिकून शहरात गेलेला बौद्ध एकत्र. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. आपल्यातल्या आपल्यात कोणाचे मूल किती बुटके, हे विचारायला आपणही कचरतो. सवर्ण संशोधकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

त्या मुलीला मी महिनाभराने उत्तर दिले. आता ती एका उपकेंद्रात नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघी तिच्या भागातील तीन अंगणवाड्यांच्या वह्या घेऊन बसलो. कुटुंबांच्या वहीत जातप्रवर्गाचा रकाना असतो, मुलांची उंची-वजने दुसरीकडे असतात, आणि दोन्ही एकत्र कोणी लावत नाही. आम्ही लावायला घेतले. गावातल्या दोन अंगणवाड्यांचे जुळले. मुले इतकी थोडी, की त्यावरून काही म्हणणे म्हणजे पुन्हा भीमजयंतीचे भाषण झाले असते. तिसरी अंगणवाडी आपल्या वस्तीतली. तिथली उंची मोजायची पट्टी पावसाळ्यापासून मोडलेली होती, आणि प्रत्येक मुलापुढे सलग पाच महिने एकच उंची लिहिलेली होती.