कंसातले नाव

मराठी वाङ्मयेतिहासांत आणि कोशांत एक संकेत रूढ आहे. लेखकाचे टोपणनाव आधी द्यायचे आणि त्याचे ‘खरे’ नाव पुढे कंसात : केशवसुत (कृष्णाजी केशव दामले), गोविंदाग्रज (राम गणेश गडकरी), विभावरी शिरूरकर (मालती बेडेकर). सूचीकाराच्या सोयीसाठी हा कंस क्षम्य आहे. समीक्षकही जेव्हा त्यावर विसंबतो तेव्हा मात्र कंसातले नाव मूळ आणि बाहेरचे नाव हे त्यावरचे आवरण, हे गृहीतक तो न तपासता स्वीकारतो.

व्यवहारातले मराठी नाव त्रिपदी असते : स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने त्यात आईचे नाव जोडले आहे.) यांतली कोणती पदे छापील पानावर ठेवायची, ही लेखकाची पहिली निवड म्हणता येईल. ना. सी. फडके यांच्यासारखे आद्याक्षरी नाव पहिली दोन पदे आक्रसून आडनाव पुढे आणते. आणि कूळ, गाव, जात यांची खूण बहुधा आडनावातच असते. ‘केशवसुत’ याच्या अगदी उलट आहे. तेथे स्वतःचे नाव नाही, आडनावही नाही. राहिले आहे ते मधले पद, पित्याचे. क्रांतिकारक म्हणून गौरवलेल्या कवीने स्वतःला ‘सुत’ म्हणवून घ्यावे हे लक्षणीय आहे. अर्थात ‘केशव’ हे देवाचेही नाव असल्याने त्या समासाला दुसरा अर्थ सहज चिकटतो.

‘गोविंदाग्रज’ आणि ‘कुसुमाग्रज’ या नावांत पित्याची जागा भावंडे घेतात. त्यांपैकी दुसरे नाव अधिक गुंतागुंतीचे आहे. विष्णू वामन शिरवाडकर हे त्या कवीचे जन्मनाव नव्हेच. जन्मनाव गजानन रंगनाथ. दत्तकविधानाने पहिली दोन्ही पदे बदलली. जी पदे बदलली ती ‘कुसुमाग्रज’मध्ये येतच नाहीत, तेथे टिकून राहते ते कुसुम या बहिणीशी असलेले जन्मघरातले नाते. तेव्हा ‘खरे’ नाव म्हणून कंसात जे छापले जाते ते दत्तकपत्राने दिलेले, आणि जन्माचा धागा धरून ठेवणारे नाव मात्र ‘टोपण’ ठरते! शिवाय ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ शिरवाडकरांचे, ही वाटणी वाचकाने इतकी आत्मसात केली आहे की नाव हीच वाङ्मयप्रकाराची सूचना झाली. गडकऱ्यांनी तर विनोदासाठी ‘बाळकराम’ हे तिसरे नाव राखले होते. ‘आरती प्रभू’ आणि चिं. त्र्यं. खानोलकर हीही तशीच विभागणी.

वरील नावांपैकी एकही फारसे लपवत नाही. लपवण्याची खरी निकड होती ती ‘विभावरी शिरूरकर’ या नावाला, आणि म्हणूनच ते काव्यनामासारखे दिसत नाही. ‘-कर’ प्रत्ययाचे आडनाव, सुसंस्कृत घरात शोभेल असे पहिले नाव : शेजारी राहणाऱ्या कोणा बाईंचे वाटावे असे. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध झाल्यावर ही लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला तो या खरेपणामुळेच. पण त्या नावात मधले पद नाही. ना वडील, ना पती. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांच्या कोंडमाऱ्याच्या कथांवर असे कोणाचीही कन्या वा पत्नी नसलेले नाव छापले जाते, ही त्या पुस्तकाच्या अर्थाचीच एक बाजू आहे. प्रस्तुत संग्रहाच्या चर्चेत तिची दखल क्वचितच घेतली जाते.

येथे कंस केवळ अपुरा नाही, तो चुकीचा आहे. १९३३ साली मालती बेडेकर नावाची व्यक्ती अस्तित्वातच नव्हती. होत्या त्या बाळूताई खरे. बेडेकर हे आडनाव विश्राम बेडेकरांशी पुढे झालेल्या विवाहाने आले. म्हणजे जे पद लेखिकेने मुखपृष्ठावरून वगळले होते, ते सूचीकाराने कंसातून, तेही पूर्वलक्षी प्रभावाने, तिच्या पदरात घातले आहे.