एका जहाजबांधणाऱ्याच्या आठवणी

टायटॅनिक जिथे बांधले गेले, त्या बेलफास्टच्या ‘हार्लंड अँड वुल्फ’ कारखान्याचे नाव आपल्या ओळखीचे असते. पण तो उभारणाऱ्या एडवर्ड हार्लंड (१८३१–१८९५) यांनी आपली हकीकत लिहून ठेवली आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ते स्वतंत्र आत्मचरित्र नव्हे. सॅम्युएल स्माइल्स यांच्या ‘मेन ऑफ इन्व्हेन्शन अँड इंडस्ट्री’ (१८८४) या पुस्तकातले ते एक प्रकरण आहे. शिक्षकांनी ते जरूर वाचावे, पण दोन निरनिराळ्या दृष्टींनी.

पहिली दृष्टी विज्ञानाची. रुंदी तेवढीच ठेवून जहाज लांब केले, तर इंजिनावरचा भार फारसा न वाढता माल जास्त नेता येतो, हे हार्लंड यांनी ओळखले. अडचण मजबुतीची होती. लाट जहाजाच्या मध्याखाली आली की दोन्ही टोके खाली झुकू पाहतात आणि वरचा भाग ताणला जातो. टोके दोन लाटांवर टेकली की मध्य खचू लागतो आणि तोच भाग दाबला जातो. जहाज जितके लांब, तितका हा वाकवणारा जोर अधिक. हार्लंड यांनी वरचा डेक लाकडाऐवजी लोखंडाचा केला. त्यामुळे जहाज म्हणजे पेटीसारखी पोकळ तुळईच झाली. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या ब्रिटानिया पुलाच्या (१८५०) लोखंडी नळ्यांचेही तत्त्व हेच. १८७० साली पाण्यात उतरलेले ‘ओशनिक’ ४२० फूट लांब आणि सुमारे ४१ फूट रुंद होते. वर्गात बुटांचे रिकामे खोके आधी झाकणाशिवाय पिळून पाहावे, मग झाकण चिकटवून. फरक हातालाच कळतो.

हा भाग उत्तम उतरला आहे. कारण लिहिणारा स्वतः कारागीर आहे, आणि अमुक बदल का केला हे तो नेमके सांगतो.

दुसरी दृष्टी चरित्राची. स्माइल्स हे ‘सेल्फ-हेल्प’चे लेखक. त्यांच्या पुस्तकात हे प्रकरण ‘उद्योगी माणूस यशस्वी होतो’ या बोधाचा दाखला बनते. पण प्रकरणातलीच माहिती या बोधात पुरती मावत नाही. वडील डॉक्टर आणि यंत्रांचे हौशी संशोधक, म्हणून मुलाला हत्यारे लहानपणीच हाताळायला मिळाली. १८५८ साली गोदी ५,००० पौंडांना विकत घेतली, ती जी. सी. श्वाबे या स्नेह्याच्या मदतीने. भागीदार वुल्फ हे त्याच श्वाबेंचे भाचे. हार्लंड हे ऋण मान्य करतात. वाचणारा मात्र ते वाक्य ओलांडून पुढे जातो.

अधिक खटकते ती संपाची हकीकत. बेलफास्टला व्यवस्थापक होताच त्यांनी मजुरी कमी केली आणि काम मात्र अधिक चोख मागितले. कामगारांनी संप केला, तेव्हा क्लाइड नदीकाठच्या गोद्यांतून माणसे आणली. हे सारे व्यवस्थापकाच्या खंबीरपणाची कसोटी म्हणून येते. संपावर गेलेल्यांचे म्हणणे काय होते, ते कळत नाही.

म्हणून हे प्रकरण केवळ स्फूर्तिकथा म्हणून वाचून दाखवू नये. डेक लोखंडी का केला, हे मुलांना हार्लंड यांच्याकडूनच ऐकू द्यावे. मग विचारावे : हीच हकीकत रिव्हेट ठोकणाऱ्याने लिहिली असती, तर तिची सुरुवात कुठून झाली असती?